पाकळ्यांमधली फट

१

पहिलं फूल मंगळवारी सकाळी उघडलं, आणि ते चुकीचं होतं.

वनस्पती उद्यानाच्या काचघरात उत्तरेकडे एक थंड खोली आहे. तिथल्या दगडी ओट्यावर बारा कुंड्या होत्या आणि बाराही कुंड्यांत एकच दुर्मिळ झाड. ते ज्या ओल्या कड्यावर उगवायचं, तो कडा रस्त्यासाठी सुरुंग लावून उडवल्याला एकोणीस वर्षं झाली होती. कडा उडायच्या आदल्या आठवड्यात काचघराच्या माळ्याने कमरेला दोर बांधून, लटकून, हाताला लागली तेवढी रोपं काढून आणली. तेव्हापासून ते झाड या ओट्याशिवाय कुठेच उरलं नव्हतं. मंगळवारी त्यातल्या एका कुंडीत भलत्याच जातीचं फूल आलं. कुठल्याही ओल्या दगडावर सापडते, त्या साध्या जातीचं. पुढच्या आठ दिवसांत बाकीची अकराही उमलली. तीही साधीच.

माळ्याला कामावरून बाजूला केलं आणि चौकशी माझ्याकडे आली.

मी संस्थेची चौकशी अधिकारी. हरवलेल्या फायली, खोट्या सह्या, मागच्या तारखेचे शिक्के, यात माझी सव्वीस वर्षं गेली. माणसांच्या लबाडीची मला सवय आहे. किड्यांची नाही. माझी थोरली बहीण अजून सांगते की लहानपणी ताटाशेजारी मुंगी दिसली तरी मी जेवण टाकून उठायचे. त्यामुळे काचघरातली ती झाडं पाहिली तेव्हा मला आधी रुमाल काढावा लागला.

लांबून पाहिलं तर बरी दिसत होती. जमिनीला चिकटलेली, ताऱ्यासारखी पसरलेली पिवळट हिरवी पानं, मधून वर आलेला बारीक देठ आणि देठावर एक फूल. अकरा फुलं जांभळी, एक जवळजवळ पांढरं. जवळ गेले आणि रुमाल नाकाशी धरला. पानं नुकतं लोणी चोपडल्यासारखी ओशट चमकत होती आणि त्या ओशटपणात चिलटं रुतलेली होती. काही मेलेली, काही विरघळून नुसती टरफलं राहिलेली. एक अजून पाय हलवत होतं.

“बटरवर्ट,” माळ्याची पुतणी म्हणाली. “काका चिकटी म्हणतात. पानांनीच खाते.”

ही पुतणी याच उद्यानात संशोधन करत होती. गळ्यात भिंग, खिशात मोजपट्टी. सगळे तिला पट्टी म्हणत, आणि चुकीचं फूल पहिल्यांदा ओळखलं ते तिनेच.

“मला कळेल असं सांग,” मी म्हटलं. “साधी कुठली आणि तुमची कुठली?”

तिने एका फुलाच्या मागे कागद धरला. “वरच्या दोन पाकळ्या सोडा. खालच्या तीन बघा. अरुंद आहेत ना? दोन पाकळ्यांमध्ये फट आहे, मागचा कागद दिसतोय. ही साधी. आमच्या कड्यावरच्या चिकटीच्या पाकळ्या रुंद असतात. हातात पत्ते धरल्यासारख्या एकीवर एक चढतात, फट राहातच नाही. शिवाय फुलाच्या मागे ही शेपटी आहे, ती आमच्यात दुप्पट लांब.”

“आणि पानं?”

“पानं सारखी. अगदी सारखी. पानांवरून कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही आणि काकांनाही नाही.”

“म्हणजे फूल यायच्या आधी कुणी रोपं बदलली, तर—”

“कळणारच नाही.” तिने कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “गेल्या महिन्यात काका चार दिवस रजेवर होते. तेव्हा किल्ली माझ्याकडे होती. हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते.”

२

माळीकाकांचं घर उद्यानाच्या मागच्या फाटकाशी, दोन खोल्यांचं. काका दाराशी स्टुलावर बसले होते, हात मांडीवर उताणे टाकून. आत काकू पलंगावर पडल्या होत्या. डोळ्यांवर काळा चष्मा होता.

“मोतीबिंदू काढला,” काका म्हणाले. “तेवढ्यासाठी चार दिवस रजा घेतली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.”

“मी म्हणत होते, नंतर करू,” काकू आतून म्हणाल्या. “यांनीच ऐकलं नाही. आता दोन घास खात नाहीत. मॅडम, तुम्ही तरी सांगा.”

“तू डोळा मीट गं,” काका म्हणाले.

मी विचारलं, परत आल्यावर कुंड्यांत काही फरक वाटला का.

“रोपं जरा मलूल वाटली. पोरीला बोललो, पाणी चुकवलंस म्हणून. रडली बिचारी. ती सांगत होती की पाणी बरोबर घातलं, पण मी ऐकलं नाही.” त्यांनी हातांकडे पाहिलं. “नळाचं पाणी त्यांना चालत नाही. पावसाचं साठवून घालतो. उन्हाळ्यात ओट्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवतो. त्या लाद्या मीच पाठीवर आणतो, गाडा आत येत नाही. आता लोक म्हणतात, माळ्याने कुंड्या उलटसुलट केल्या. म्हातारा झाला. कुणी म्हणतं, बाहेर देऊन टाकल्या.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच. तोंडावर कुणी नाही.”

थंड खोलीच्या किल्ल्या चार. काकांच्या दोन, ज्यातली एक रजेत पुतणीकडे होती. एक चित्रकार बाईंकडे. त्या उद्यानासाठी फुलांची चित्रं काढतात. आणि एक सरांकडे. या झाडांच्या कुळावरचा जाडजूड ग्रंथ ज्यांच्या नावावर आहे, ते सर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, किल्ली कुणी मागितली नाही.

“सर मोठे माणूस,” काका म्हणाले. “त्यांच्या पुस्तकात आमच्या चिकटीला दीड ओळ आहे.”

“काय लिहिलंय त्या दीड ओळीत?”

काका पहिल्यांदाच हसले. ते हसू बघवलं नाही.

“की अशी जातच नाही.”

३

सरांचं घर म्हणजे पुस्तकांत कोरलेली वाट. भिंती दिसतच नव्हत्या. ओलसर, कुबट वास नाकात शिरला आणि जिभेपर्यंत उतरला. सर मात्र स्वच्छ, गोरेपान, इस्त्रीच्या सदऱ्यातले. खुर्ची पुसून त्यांनी मला बसवलं.

“या, बाई. वाईट झालं. बिचारा प्रामाणिक माणूस आहे, पण किती केलं तरी माळी.”

त्यांनी ग्रंथ काढला. पान उघडलं तसे भुरक्या, फिकट, टाचणीच्या डोक्याहून बारीक किड्यांचे पाच-सात ठिपके अक्षरांवरून धावले. सरांनी सवयीने अंगठा फिरवला. ठिपक्यांचे ओघळ झाले. तो अंगठा त्यांनी विजारीला पुसला आणि त्याच हाताने बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली.

“घ्या ना.”

“नको,” मी म्हटलं.

“हे पाहा. तीस वर्षांपूर्वी लिहिलंय मी. ‘कड्यावरचा प्रकार वेगळी जात मानण्याचे कारण नाही. निवाऱ्यात वाढवल्यास हा फरक नाहीसा होईल.’” त्यांनी चष्मा काढला. “झाला की नाहीसा? एकोणीस वर्षं निवाऱ्यात वाढली, आणि फुलं साधी आली. यात गुन्हा कुठे आहे? निसर्गाने माझं म्हणणं खरं केलं, एवढंच.”

“पण मागच्या वर्षीपर्यंत फुलं वेगळी येत होती म्हणतात.”

“कोण म्हणतं? माळी. त्याची पुतणी, जिला याच झाडावर पदवी हवी आहे. आणि ती चित्रकार, जी दोन पाकळ्या चार करून रंगवते.” ते समजुतीने हसले. “या वर्षी ती मुलगी जिवंत फुलं मोजून माझी चूक काढणार होती. मोजा म्हटलं. विज्ञान आहे.”

“पानांवरून काही सांगता येतं का, सर?”

“अजिबात नाही. पाहा, इथेच लिहिलंय. या दोन प्रकारांत पान बोलत नाही. फक्त फूल बोलतं.” ग्रंथ मिटताना त्यांनी आवाज खाली आणला. “हां, आता रोपं कुणी बदललीच असतील, तर तेवढी साधी रोपं आणणार कुठून? मी कुणाचं नाव घेत नाही. पण चित्रकार बाईंच्या खिडकीत काय आहे ते एकदा बघून या.”

मी बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या नळाखाली हात धुतले, दोनदा. मग तडक चित्रकार बाईंकडे गेले.

त्यांच्या खोलीला उत्तरेची लांब खिडकी होती. खिडकीच्या कट्ट्यावर रंगाचे डाग, ब्रश, पाण्याच्या बाटल्या. टोकाला एक कुंडी, तीत ओशट पानांचा तारा. आणि तिच्या शेजारी, धुळीत, एका ओळीत, बारा स्वच्छ गोल.

४

“मोजलेत वाटतं,” चित्रकार बाई म्हणाल्या. केस आखूड, बोटं निळी, बोलणं तोडून. “बाराच आहेत. साध्या चिकट्या होत्या. ओल्या कागदांवर चिलटं येतात, त्यांच्यासाठी ठेवते. झाडं आपली चिलटं खातात, मी माझं काम करते.”

“त्या कुठे आहेत?”

“दिल्या.”

“कुणाला?”

“सरांना. सात आठवडे झाले. घरात चिलटं फार झाली म्हणाले, मागून नेल्या. एक माझ्यासाठी ठेवून घेतली.”

“बारा चिकट्या? एका घरातल्या चिलटांसाठी?”

“मीही तेच म्हटलं. ते म्हणाले, घर मोठं आहे.” त्यांनी ब्रश झटकला. “त्यातल्या एकीचं मला वाईट वाटलं. तिला जवळजवळ पांढरं फूल येतं. हजारात एक. तसं सरांना सांगितलंसुद्धा, की ही जपा.”

मी तिथूनच सरांना फोन लावला. पलीकडून शांत आवाज आला. “मला? बारा कुंड्या? नाही हो, बाई. मी त्यांच्या घरी वर्षभरात गेलेलो नाही. मी म्हटलं नव्हतं, खिडकी बघा म्हणून?”

मी फोन ठेवला. चित्रकार बाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा.

“खोटं बोलतायत,” त्या म्हणाल्या.

“कुणी पाहिलं नेताना?”

“कोण पाहणार? मी एकटी राहते.”

त्यांनी एक मोठी वही काढून माझ्यापुढे आपटली. मागच्या वर्षीचं चित्र. रुंद, तलम, एकीवर एक चढलेल्या तीन पाकळ्या, मागे लांब शेपटी. कडेला पेन्सिलीने मापं. चित्र इतकं जिवंत होतं की मी नकळत वाकून बघितलं.

“सुंदर आहे,” मी म्हटलं. “पण चित्र म्हणजे पुरावा नाही. आणि आत्ता माझ्यापुढे एवढंच आहे की रोपं तुमची होती, किल्ली तुमच्याकडे होती आणि बारा कुंड्या गायब आहेत.”

“मग लिहा तसं.”

“लिहीन,” मी म्हटलं, “पण उद्या. त्या रोपांनाच काही विचारता आलं तर बघते.”

ते वाक्य मी रागात बोलले. पण घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की त्यांना खरंच विचारता येईल. फक्त ते काम मला जमेल का, हा प्रश्न होता.

५

सकाळी उपाशीपोटी काचघरात गेले. काही खाऊन जाण्यात अर्थच नव्हता.

“पट्टी,” मी पुतणीला म्हटलं, “नवं पान कुठून येतं?”

“मधून. जुनी बाहेर ढकलली जातात.”

“म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान सगळ्यात जुनं.”

“हो.”

“आणि पानाला चिकटलेलं काही सुटत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. तिने चिमटा आणला, काचपट्ट्या आणल्या, सूक्ष्मदर्शक लावला. आम्ही एका रोपाची पानं बाहेरून आत अशी क्रमाने काढली. मी नोंदी करायच्या असं ठरलं. पण चौकशी माझी होती. पाहायलाही मलाच हवं होतं. मी डोळा लावला.

ती तासाभराची गोष्ट मला विसरता येत नाही. चिकात अर्धवट जिरलेले डोळे. पंखांच्या जाळ्या. पोट फुटून पानावर सांडलेलं काहीतरी करडं. एका चिलटाच्या आत दुसऱ्याच कशाची तरी अंडी. दोनदा मी बाहेर जाऊन भिंतीला धरून उभी राहिले. परत आले तेव्हा पट्टीने पुढची काचपट्टी लावून ठेवलेली होती. पोरगी काकांवर गेली होती.

सगळ्यात आतल्या पानांवर काचघरातली पांढरी माशी. कुठल्याही काचघरात असते ती, पिठाच्या कणासारखी.

सगळ्यात बाहेरच्या पानांवर साधी काळी चिलटं आणि निळ्या रंगाचे बारीक शिंतोडे.

मधल्या पानांवर चिलटंही नव्हती, माशीही नव्हती. तिथे फिकट, भुरके, बिनपंखाचे, टाचणीच्या डोक्याहून बारीक किडे होते. एका पानावर चौदा मोजले. मला ते नव्याने बघायची गरज नव्हती. अक्षरांवरून धावताना आणि अंगठ्याखाली चिरडताना मी ते पाहिले होते.

“हे जुन्या पुस्तकांत होतात,” पट्टी हळू आवाजात म्हणाली. “बुरशी खातात. काचघरात कधीच नसतात. चित्रकार बाईंकडे?”

“त्यांनी एक रोप ठेवून घेतलंय. त्याची पानंही बघू.”

दुपारपर्यंत बघून झाली. बाहेरपासून आतपर्यंत काळी चिलटं आणि निळे शिंतोडे, दुसरं काही नाही.

म्हणजे रोपं आधी चित्रकार बाईंच्या खिडकीत होती, मग जुन्या पुस्तकांच्या घरात, मग काचघरात. पान बोलत नाही म्हणाले होते सर. फुलाबद्दल नसेल बोलत. पत्ता मात्र व्यवस्थित सांगत होतं.

तरी मन भरेना. जुनी पुस्तकं शंभर घरांत असतात. सरांसारखा माणूस हसून म्हणाला असता, बाई, माझेच किडे कशावरून? मला माझ्या ओळखीचा पुरावा हवा होता, कागदाचा. संध्याकाळी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली. तक्रार, मंगळवार. संचालकांचा शेरा, मंगळवार. सरांचं तज्ज्ञ म्हणून दिलेलं मत, तेही मंगळवारच. आवक शिक्का, दुपारी चार.

ते मत मी आधी वाचलं होतं. या वेळी सावकाश वाचलं. तिसऱ्या ओळीवर थांबले आणि पट्टीला फोन केला.

“तुझ्या वहीत बघ. कुठलं फूल कुठल्या दिवशी उमललं?”

तिने वाचून दाखवलं. मी पेन्सिलीने तिसऱ्या ओळीखाली रेघ मारली.

६

संचालकांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. संचालक भला माणूस, पण भांडणाच्या नुसत्या वासाने त्यांना घाम फुटतो. काका दाराजवळ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. पट्टी त्यांच्या बाजूला. चित्रकार बाई खिडकीशी. सर मधल्या खुर्चीत.

मी आधी किड्यांचं सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते. मध्ये एकदा कौतुकाने मानही हलवली.

“छान निरीक्षण, बाई. पण माझेच किडे कशावरून?”

“तसं तुम्ही म्हणाल असं वाटलंच होतं. म्हणून तुमचं पत्र आणलंय.” मी वाचलं. “‘बाराही कुंड्यांतील फुले साध्या जातीची आहेत. अकरा जांभळी व एक फिकट, जवळजवळ पांढरे. पाकळ्यांमध्ये स्पष्ट फट.’ सही तुमची. मंगळवार, दुपारी चार.”

“मग? खरंच आहे ते.”

“आज खरं आहे. पट्टी, मंगळवारी किती फुलं उमलली होती?”

“एक. जांभळं.”

“पांढरं कधी उमललं?”

“पुढच्या बुधवारी. सगळ्यात शेवटी. तोपर्यंत हिरवी कळी होती.”

संचालकांनी पत्र माझ्या हातातून घेऊन शिक्क्यावरची तारीख पाहिली.

“सर, पान बोलत नाही, हे तुमच्याच ग्रंथात आहे. फूल मिटलेलं होतं. तरी आठ दिवस आधी तुम्ही लिहिलंत की बारांतलं एक पांढरं आहे. ही गोष्ट ज्यांच्या खिडकीत ते रोप वाढलं त्यांना ठाऊक होती, आणि त्यांनी ज्याला सांगितली त्याला. रोपं या बाईंनी बदलली असती, तर मधल्या पानांवर तुमच्या घरातले किडे आले नसते.”

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसायला वेळ घेतला. मला वाटलं, आता नाकारतील. त्यांनी नाकारलं नाही, आणि ते मला जास्त घाणेरडं वाटलं.

“दीड ओळ आहे हो,” ते म्हणाले. “आठशे पानांत दीड ओळ. त्या दीड ओळीसाठी ही मुलगी माझ्या नव्या आवृत्तीवर चिखल उडवणार होती. लोक आठशे पानं विसरतात. दीड ओळ लक्षात ठेवतात.”

“तुम्ही ती दीड ओळ बदलू शकला असता,” पट्टी म्हणाली.

“या वयात?”

“आमची रोपं कुठे आहेत?” काकांनी विचारलं. खोलीत आल्यापासून त्यांचं हे पहिलं वाक्य.

सरांनी त्यांच्याकडे न बघता संचालकांना उत्तर दिलं, जणू प्रश्न त्यांनीच विचारला होता. “मुळं नुसती उपटली तर पुन्हा रुजतात. म्हणून उकळत्या पाण्यातून काढली. मग कचऱ्यात.”

“सगळी?”

“सगळी. एक ठेवलं असतं तर उपयोग काय होता?”

हे ते समजावून सांगत होते. शिकवल्यासारखं. स्वच्छ सदरा, स्वच्छ नखं, आणि स्वयंपाकघरात पातेल्यात ती शेवटची बारा रोपं एकेक करून बुडवताना त्यांनी घड्याळात वेळही मोजली असेल. मी सव्वीस वर्षांत चोर पाहिलेत, लाचखाऊ पाहिलेत. त्यांच्याबद्दल राग येतो, कधी कीवही येते. या माणसाच्या बाबतीत मला फक्त त्याच्यापासून दूर व्हावंसं वाटलं, पानावरून बोट काढून घ्यावं तसं.

काका बाहेर गेले. थोड्या वेळाने अंगणातून ओकारीचा आवाज आला. पट्टी धावत गेली.

संचालकांनी घाम पुसला. “हे... हे जरा घरातल्या घरात मिटवता येईल का, मॅडम? सरांचं नाव...”

“नाही,” मी म्हटलं.

७

अहवालात मी सगळं लिहिलं. पातेलंसुद्धा. वरच्यांनी ‘उकळत्या पाण्यातून’ हे शब्द गाळा म्हणून दोनदा सुचवलं. मी दोनदा नकार दिला. सरांना संस्थेच्या सगळ्या समित्यांवरून काढलं, किल्ली काढून घेतली. नवी आवृत्ती थांबली. काकांना कामावर परत घेतलं आणि संचालक स्वतः त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले. काकूंनी त्यांना चहा दिला, काका स्टूल उचलून बाहेर जाऊन बसले.

पण यातल्या कशानेही ते झाड परत येणार नव्हतं.

काका कामावर आले ते बारा कुंड्या रिकाम्या करायच्या म्हणूनच. तो सरांच्या हातचा माल त्यांना ओट्यावर नको होता. साधी रोपं उपटून त्यांनी चित्रकार बाईंना देऊन टाकली. राहिली माती आणि वरचं शेवाळ. ती घमेल्यात ओतणार, तेवढ्यात पट्टीने त्यांचा हात धरला.

“काका, या वर्षी तुम्ही पिलं वेगळी केली होती का?”

त्यांनी केली नव्हती. थंडीत ही झाडं आक्रसून कळीएवढी होतात आणि त्या कळीभोवती तांदळाच्या दाण्याएवढी पिलं धरतात. काका दर वर्षी ती वेगळी काढून लावत. या वर्षी काकूंच्या डोळ्यापायी राहून गेलं होतं. सरांनी घाईने मोठी रोपं तेवढी उपटून त्याच मातीत नवी खोचली होती.

शेवाळात, कडेकडेने, मसुरीएवढे हिरवे तारे होते. दोघांनी मिळून तेवीस काढले.

“पण ही आपलीच कशावरून?” पट्टी म्हणाली. “त्या बारा रोपांच्या मुळांशी आलेलीही असू शकतील. पानं तर सारखीच.”

“मग फुलं येईपर्यंत थांबायचं,” काका म्हणाले.

दोन वर्षं थांबावं लागलं. पहिल्या उन्हाळ्यात सहा मेली. काकांची पाठ दुखायची, तरी बर्फाच्या लाद्या आल्या. दुसऱ्या वर्षी थंडी ओसरल्यावर पट्टीचे मला फोन यायला लागले. पहिलं फूल, साधं. दुसरं साधं. पाचवं साधं. नवव्यानंतर ती फोन करेनाशी झाली.

एका सकाळी काकांचाच फोन आला. त्यांनी मला तोवर कधी फोन केला नव्हता.

“मॅडम, वेळ असेल तर या.”

गेले. थंड खोलीत एक छोटी कुंडी वेगळी काढून ठेवली होती. पट्टीने फुलामागे कागद धरला आणि मला वाकून बघायला जागा केली. तीन पाकळ्या, रुंद, एकीवर एक चढलेल्या. कागद कुठेच दिसत नव्हता. मागे लांब शेपटी. पट्टीने माप घेतलं, पुन्हा घेतलं, वहीत लिहिलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. काकूही आल्या होत्या; त्या दोन्ही डोळ्यांनी नीट बघत होत्या आणि मध्येच पदराने नाक पुसत होत्या.

“अजून तीन कळ्या आहेत,” काका म्हणाले. “बघू.”

पट्टीने फोन काढून फुलाचा फोटो घेतला. मग जरा वेळाने म्हणाली, “काका, सरांना पाठवू का? एकदा बघू देत.”

काका कुंडी उचलून सावलीत सरकवत होते. ते थांबले नाहीत.

“नको,” ते म्हणाले. “त्यांच्या नजरेला कशाला घालायचं?”